नहराच्या पाळीवर एकवीस गिअर

पूर्व विदर्भातल्या आमच्या साकोलीत माउंटन बाइक घ्यायची म्हटली तर अडचण एकच आहे, माउंटन. उत्तरेला नागझिऱ्याकडे डोंगर आहेत, नाहीत असं नाही. पण ते वाघांच्या ताब्यात आहेत आणि हा ताबा डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाल्यापासून सरकारदरबारी पक्का नोंदलेला आहे. बाकी तालुका म्हणजे धानाच्या बांध्या. त्या इतक्या सपाट, की पाणी सोडलं तर कुणीकडे जावं याचा ते क्षणभर विचार करतं. आमच्याकडचा सर्वांत मोठा चढ म्हणजे तलावाची पाळ. दुसरा महामार्गावरचा उड्डाणपूल, पण त्यावर सायकल घालणाऱ्याला कोलकात्याचे ट्रक कोलकात्याच्याही पलीकडचा रस्ता दाखवतात.

तरी गावात या सायकली आल्या. जाड टायर, पुढे शॉकअप, रंग पोपटी किंवा त्याहून वाईट, आणि पुढच्या तीन चकत्या गुणिले मागच्या सात असे एकवीस गिअर. सायकल घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना मी खासगीत विचारलं आहे. सगळे एकाच गिअरवर चालवतात. दुकानदारानं सायकल देताना जो लावून दिला तोच. उरलेले वीस लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यांसारखे आहेत. आहेत याचा अभिमान आहे, काढायची वेळ येत नाही.

मीही एक घेतली. डॉक्टरांनी 'चाला' असं सांगितलं होतं. पण साकोलीत पायी चालणाऱ्या मास्तरला लोक थांबून गाडीवर बसवतात, ती नको असेल तर भांडण झालं का विचारतात. सायकलवर माणूस निदान हलता असतो.

पहिल्यांदा चालवायला महामार्ग नको, गल्ल्या नकोत, कारण गल्लीत विद्यार्थी असतात. राहिला नहर. आणि इथं मला शोध लागला, की जगात ज्याला सोपं माउंटन बायकिंग म्हणतात त्यासाठी लोक जंगलं आखतात, वाटा कोरतात, पाट्या लावतात. आमच्याकडे ते सगळं पाटबंधारे खात्यानं धानासाठी करून ठेवलं आहे. उमरझरीच्या धरणाचा नहर घ्या किंवा कुठल्याही मोठ्या तलावाचा. कडेनं मुरमाचा रस्ता असतो. तो खात्याच्या जीपसाठी असतो, पण जीप वर्षातून किती वेळा येते हे तिथल्या गवतावरून कळतं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बांध्या, मधूनमधून बाभळी नि पळस. समोरून गाडी नाही, मागून हॉर्न नाही.

नहर आखणारा इंजिनिअर हा सायकलवाल्याचा खरा मित्र, जरी त्याला ते कधी कळलं नसलं तरी. पंप न लावता शेवटच्या बांधीपर्यंत पाणी न्यायचं तर उतार हवा. उतार जास्त झाला तर पाणी नहराची माती खातं, कमी झाला तर गाळ बसतो. म्हणून काही हजार मीटरला एखादा मीटर, असा उतार ठेवतात आणि टेकाड आलं की त्याच्यावर न चढता वळसा घालून नहर पुढे नेतात. डोळ्यांना तो उतार दिसत नाही, मांड्यांना कळत नाही. घरी आल्यावर मात्र मी परतीला चढ होता असंच सांगतो, कारण तांत्रिकदृष्ट्या होताच. आमच्याकडे टेलच्या शेतकऱ्याची जुनी तक्रार आहे, की पाणी टेलपर्यंत पोचत नाही. सायकल पोचते. एवढं तरी खात्याच्या नावावर जमा धरावं.

दिवाळीत पुण्याचा भाचा आला. त्याची सायकल त्याच्याआधी आली, खोक्यातून, आणि खोकं उघडताना घरातल्या कुणालाही हात लावू दिला नाही. तिचं वजन माझ्या सायकलच्या निम्मं आणि किंमत माझ्या मोटारसायकलपेक्षा जास्त. हेल्मेट, हातमोजे, गॉगल, पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी तोंडाशी. शेजारच्या काकूंनी हलक्या आवाजात विचारलं, "पोराला सलाईन लावली का जी?"

भाच्यानं मला शिकवलं, की इंग्लंडात वाटांना रंग असतात. हिरवी म्हणजे सोपी, निळी मध्यम, लाल अवघड आणि काळी म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या जबाबदारीवर. तिथं नहराकाठच्या वाटाही आहेत. पूर्वी बोटी घोडे ओढायचे, त्या घोड्यांसाठी काठानं वाट केली. घोडे गेले, वाट राहिली, आता तिच्यावर सायकली चालतात. मी म्हटलं, आमच्या वाटेवरची जनावरं अजून गेलेली नाहीत, तेवढाच फरक.

रंगांची पद्धत मला आवडली, मी ती साकोलीला लावून पाहिली. हिरवी वाट म्हणजे म्हशी नहरात आहेत. निळी म्हणजे म्हशी रस्त्यावर आहेत. लाल म्हणजे म्हशी नहरातून रस्त्यावर येत आहेत, ओल्या अंगानं, एकामागून एक, आणि गुराखी पलीकडच्या पाळीवर झाडाखाली मोबाइलवर गाणी ऐकतो आहे. ओली म्हैस मुरमाचा चढ चढून आली की पहिल्यांदा थांबते आणि शेपटी झाडते. त्या शेपटीच्या टप्प्यात माणूस सापडला की पुण्याची सायकल काय आणि माझी काय, दोन्ही एकाच रंगाच्या होतात. काळ्या वाटेकडे नंतर येतो.

या रंगांत न बसणाऱ्या अडचणीही आहेत. नहराला पाणी सुटलं, की रात्रीतून कुणीतरी पाळ कापून आपल्या बांधीकडे पाणी वळवतो. कुणी, ते सगळ्या गावाला माहीत असतं आणि पंचनाम्यात कुणालाच माहीत नसतं. सकाळी सायकलवाल्यासमोर हातभर रुंदीची भेग असते. भाच्याच्या भाषेत याला 'गॅप' म्हणतात, परदेशात मुद्दाम बांधतात म्हणे. आमच्याकडे शेतकरी फुकट बांधून देतात. मग धान कापणीची वेळ येते आणि जिथं म्हणून टणक, कोरडी, सपाट जागा आहे तिथं धान वाळत पडतं. रस्ता ही त्यातली पहिली जागा. धानावरून सायकल घातली तर दाणे फुटतात आणि न घालता जायचं तर नहरात जावं लागतं. अशा वेळी उतरून, सायकल खांद्यावर घेऊन, कडेकडेनं चालत जावं. भाच्यानं सांगितलं की सायक्लोक्रॉस नावाच्या खेळात नेमकं हेच करतात. तिथं निदान कुणी तुमच्याकडे बघून, "गाडी बंद पडली का जी?" असं विचारत नसेल.

खरी अवघड गोष्ट आहे ती विचारपूस. पुण्यात म्हणे माणूस पन्नास किलोमीटर सायकल चालवून आला तरी त्याच्याशी कुणी बोलत नाही, म्हणून त्याला ते स्ट्राव्हा नावाच्या ॲपवर टाकावं लागतं. आमच्याकडे त्या ॲपची गरज नाही. तुम्ही किती वाजता निघालात, कुठल्या पुलावर पाणी प्यायलात आणि परतताना धाप लागली होती का, हे तुमच्याआधी घरी पोचलेलं असतं. नहरावर भेटणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो, "कुठं चालले जी?" 'कुठं नाही, असंच' हे उत्तर कुणाला पटत नाही. घामाघूम झालेला हा माणूस कुठंच जात नसेल तर नक्की काहीतरी लपवतो आहे. एका गृहस्थांनी माझ्या बायकोला गाठून हळूच विचारलं, की मास्तरांचं पेन्शनचं काही अडलं आहे का, गाडी विकली का. पेट्रोल, पेन्शन आणि पोट, सायकल चालवायची कारणं एवढीच असू शकतात. चौथं कारण असतं हे पटवायला अजून एक पिढी जावी लागेल.

आणि हे त्यांचं चूक नाही. ज्या प्रदेशात सायकलवर खरोखर काय काय झालं आहे, तिथं 'असंच' फिरणं हा थोडा आगाऊपणाच आहे. राइस मिलला धानाचे दोन कट्टे नेणारा माणूस मी पाहिला आहे. एक कट्टा कॅरिअरवर आडवा, सुतळीनं नव्हे, जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळलेला. दुसरा दांडीखालच्या त्रिकोणात उभा कोंबलेला, म्हणजे पायडल मारायला गुडघे बाहेर फेकावे लागतात. मग चालवायचं कशाला, तर तो चालवत नाहीच. डाव्या हातानं हँडल, उजव्या हातानं मागचा कट्टा, आणि सायकलला टेकून तो तलावाची पाळ चढतो. माथ्यावर आला की एका पायडलवर उभा राहतो आणि पलीकडच्या उतारावरून खाली सुटतो. ब्रेक असतात, पण ते शोभेचे. खरा ब्रेक म्हणजे पुढच्या चाकावर दाबलेली चप्पल. स्लीपरचा तळ झिजला की ब्रेक झिजला.

हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला, आणि मग त्यानंच मला माउंटन बाइकचा इतिहास सांगितला. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरं जुन्या, जड सायकली घेऊन टेकडीवर जायची आणि मातीच्या रस्त्यानं खाली सुटायची. 21 ऑक्टोबर 1976 ला त्यांनी पहिली शर्यत लावली. जेमतेम दोन मैलांत तेराशे फूट उतार. त्या सायकलींना उलटं पायडल मारून लागणारा ब्रेक होता. खाली येईस्तोवर मागच्या चाकातलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि घरी जाऊन पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक'. त्यांतल्या गॅरी फिशर, जो ब्रीझ यांनी पुढे नव्या सायकली बनवल्या, कंपन्या काढल्या आणि 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. मी म्हटलं, फरक फक्त कट्ट्यांचा आहे. त्यांच्या सायकलीवर ओझं असतं तर त्यांनाही शर्यत सुचली नसती.

आमच्याकडे सायकल घेऊन रानातून जायला दुसरं एक कारण असायचं, नाटक. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या भागात, दिवाळीनंतर मंडई भरू लागली की दंडार आणि नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगावी हिंडतात. माझ्या वडिलांच्या पिढीचे लोक संध्याकाळी जेवून दहा-पंधरा किलोमीटर जंगलातून सायकलनं नाटकाला जायचे, रात्रभर बघायचे आणि उजाडता परत यायचे. डायनॅमो असलेला एक पुढे, बाकीचे त्याच्या उजेडात. त्याचा वेग कमी झाला की उजेड कमी, म्हणून मागचे सगळे त्याला ओरडून पळवायचे. परतीच्या वाटेवर झोप आणि अस्वल यांपैकी कोण आधी गाठेल याची शाश्वती नसायची. या रात्रसफारीला कुणी साहस म्हणाल्याचं मला आठवत नाही. नाटक कसं झालं एवढंच बोलायचे.

साहित्यानंही इथं सायकलीवर अन्याय केला आहे, हे जाताजाता नोंदवतो. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात राहून गेले आणि त्याच नावाचं पुस्तक लिहिलं. मारुती चितमपल्लींची नवेगावबांधची वर्षं मराठी वाचकाला तोंडपाठ आहेत. किरण पुरंदरे तर पुणं सोडून पिटेझरीला येऊन राहिले. सगळे पायी हिंडले. सायकलवरून रान पाहिलेल्या माणसाचं पुस्तक अजून यायचं आहे. बीट गार्ड लिहीत नाहीत, हे त्याचं कारण असावं.

तर काळी वाट. नहर सोडून डावीकडे रानात शिरलं की येन, मोह, धावडा, तेंदू. नागझिऱ्याच्या गेटच्या आत सायकलवर सफारी नाही, तिथं गाडीतच बसावं लागतं. पण बाहेरच्या रानातून गावांना जोडणारे रस्ते आहेत आणि हिवाळ्यात त्यांच्यासारखी सायकलची वाट नाही. मुरूम, सावली, मधेच कोरडा नाला. मार्चमध्ये पानगळ होते आणि सगळी वाट पानांनी झाकली जाते. सुरुवातीला हे फार काव्यमय वाटतं. मग पानांखालचा दगड लागतो. त्याच महिन्यात मोह टपकायला लागतो. पहाटे टोपल्या घेऊन गावातली माणसं मोहफुलं वेचायला जातात, आणि त्याच वेळी, त्याच झाडाखाली, त्याच फुलांसाठी अस्वल येतं. अस्वलाला नीट दिसत नाही, त्यामुळे ते आधी अंगावर येतं आणि मग ओळख करून घेतं. शांतपणे, आवाज न करता, महागड्या हबवरून सरकत येणारी सायकल ही अशा वेळी सगळ्यात वाईट वस्तू आहे. इथं जुनी अ‍ॅटलस बरी. तिची चेन एक किलोमीटरवरून ऐकू येते, मडगार्ड खडखडतं, अस्वलाला विचार करायला वेळ मिळतो. भाच्याला हे सांगितल्यावर त्यानं सायकलला घंटी लावली. पुण्यात घंटी लावणं कमीपणाचं समजतात म्हणे.

मेमध्ये याच वाटांवर तेंदूपत्ता येतो. सत्तर पानांचा एक पुडा, असे पुडे बांधून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पोचवायचे, नि ते डोक्यावरून किंवा सायकलवरून. त्या दिवसांत वाट अडवून 'कार्बन फ्रेम' या विषयावर कुणाशी बोलू नये.

या सगळ्या वाटांवर आता खरं राज्य आहे ते मुलींचं. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात, आणि सकाळी दहाच्या सुमारास त्या आडव्या चार-चार अशा रांगेनं येतात. गिअर नाही, शॉकअप नाही, कॅरिअरवर दप्तर आणि कधी कधी दप्तरावर मैत्रीण. भाचा त्यांच्यामागे सापडला होता. त्याच्या फोननं सांगितलं होतं की या टप्प्यातली सर्वांत जलद वेळ त्याच्याच नावावर आहे. साहजिकच होतं, कारण या टप्प्यात फोन घेऊन येणारा तो एकटाच होता. मुलींनी मागं पाहिलं, गणिताच्या पेपराविषयीचं बोलणं न थांबवता थोडा जोर लावला आणि घंटा व्हायच्या आत पोचायचं असल्यामुळे वळणाआड दिसेनाशा झाल्या. भाच्यानं पाण्याची नळी तोंडात घेतली. मी माझा एकमेव गिअर तसाच ठेवला.

त्याच दिवशी त्याला सराटा लागला. नहराच्या कडेला सराट्याची वेल पसरलेली असते आणि तिचा काटा तिन्ही बाजूंनी तयार असतो. कसाही पडला तरी एक टोक वर. भाच्याकडे पॅच होते, ते त्यानं सफाईनं लावले, पण छोटा पंप पुण्यात राहिला होता. सायकल हातात धरून आम्ही नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे आलो. आमच्या सायकलींना जाड वाल असतो आणि त्यात रबराची वालट्यूब. याच्या सायकलला परदेशी पद्धतीचा बारीक, पेन्सिलच्या टोकाएवढा वाल. पंक्चरवाल्यानं पंप लावून पाहिला, बसेना. कंप्रेसरची नळी लावून पाहिली, बसेना. भाचा म्हणाला, याला ॲडॉप्टर लागतो, नागपूरला मिळेल.

पंक्चरवाल्यानं वालवरची प्लास्टिकची टोपी काढून हातात घेतली, उन्हाकडे धरून आतून पाहिली. ब्लेडनं तिचं टोक कापलं. मग वालचं बारीक पितळी बोंड बोटानं सैल केलं आणि ती कापलेली टोपी उलटी करून वालवर फिरवून बसवली. त्यावर कंप्रेसरची नळी दाबली. टायर फुगला. हे सगळं एक बिडी विझायच्या आत झालं. भाचा बघतच राहिला. कुठं शिकलात, म्हणून विचारलं. पंक्चरवाला म्हणाला, "शिकाचं काय जी त्याच्यात? हवा तं हवाच असते." दहा रुपये घेतले.

त्या संध्याकाळी तलावावर बसलो. हा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं असे तलाव बांधले, पूर्व विदर्भात त्यांची संख्या हजारांत आहे, आणि 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली तेव्हा ते सरकारजमा झाले. हे ऐकेपर्यंत भाचा तो माझाच समजत होता आणि माझ्याशी बराच आदरानं वागत होता. मी खुलासा थोडा उशिरा केला.

तेव्हा वाचकहो, यायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत या. धान उचललेलं असतं, मुरूम बसलेला असतो, तलावावर बाहेरगावचे पक्षी असतात आणि दुपारीसुद्धा ऊन सोसवतं. पावसाळ्यात येऊ नका, बांध्यांची काळी माती चाकात अशी बसते की सायकल आपल्याला चालवायला लागते. ट्यूब दोन आणा, घंटी आणा, वालवरची टोपी हरवू नका. मोहाच्या दिवसांत पहाटे रानात जाऊ नका आणि अंधार पडायच्या आत नहरावर परत या. नि रस्त्यात कुणी "कुठं चालले जी?" म्हणून विचारलं तर सरळ "सेंदूरवाफ्याला, पाहुण्यांकडे" असं सांगा. सगळ्यांचा वेळ वाचतो.